दमाजीरावाच्या सगळ्या बहिणी

एका जंगलात, बाळांनो, शेवंती नावाची हरिणी राहायची. तळ्यावर पाणी पिताना भैरू लांडग्याने तिचा कान फाडला. ती रक्ताळलेली पळाली, ती थेट चंद्रीआत्याकडे.

चंद्रीआत्या म्हणजे म्हातारी म्हैस. करवंदीच्या जाळीत तिने अशा हरिणींसाठी आसरा केला होता. जखमेवर पाला बांधायचा आणि शिंगं रोखून दाराशी बसायचं, एवढंच तिचं काम.

तेवढ्यात निवडणूक आली. दमाजीराव कोल्हा टेकाडावर चढला. हरिणींनी बांधलेल्या राख्यांनी त्याचा पुढचा पाय पार झाकून गेला होता.

"बहिणींनो," तो गहिवरला, "नदीपलीकडचे लांडगे तुमच्यावर डोळा ठेवून आहेत. एकेकाला उलटा टांगीन!"

टाळ्या पडल्या. शेवंती उभी राहिली.

"दादा, मला पलीकडच्याने नाही चावलं. भैरूने चावलं. तो बघा, तुमच्या मागे हार घेऊन उभा आहे."

सगळ्यांनी भैरूकडे पाहिलं. भैरूने हाराकडे पाहिलं.

दमाजीरावाने डोळे पुसले. "बघा! पलीकडच्यांनी माझ्या भोळ्या बहिणीला कसं पढवलंय!"

आता टाळ्या आणखी जोरात पडल्या. दमाजीराव निवडून आला.

आणि बाळांनो, तो शब्दाला जागला. त्याने हरिणी सुरक्षा समिती नेमली. अध्यक्ष भैरू, कारण त्याला या विषयाचा अनुभव होता. समितीने तळं हरिणींना बंद केलं. हरिणीच नसतील तर हल्ला होईल कुणावर? करवंदीची जाळीही तोडली. तिथे राहून म्हणे हरिणी घरदार विसरतात.

हरिणींचे घसे कोरडे पडले. शेवंती म्हणाली, "आत्या, मी तळ्यावर जाते. येतेस?"

"चल. जाळी तोडली त्यांनी, शिंगं नाही."

दोघी निघाल्या. मागून एकेक करत सगळ्या हरिणी निघाल्या. भैरू आडवा आला. त्याने शिंगं पाहिली आणि त्याला घरचं काम आठवलं. हरिणी पोटभर पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी चंद्रीआत्याला पकडलं. गुन्हा: अध्यक्षांना भीती दाखवणे.

तळ्यावर दमाजीरावाच्या चित्राची पाटी लागली. 'माझ्या बहिणी इथे निर्भयपणे पाणी पितात.' पाटी लागल्यावर तळं पुन्हा बंद करता येईना. त्यामुळे हरिणी अजून पाणी पितात.

चंद्रीआत्या अजून आत आहे.

तात्पर्य: संकटात सापडलेल्या बाईने भाऊ शोधावा, तो कुठल्याही सभेत भेटतो. आत्या शोधू नये, तिला जामीन मिळत नाही.