आण्णांची दोन बोटं

आण्णांच्या पाया पडायला वाकलं, की आशीर्वादाआधी त्यांची दोन बोटं आपल्या उजव्या बरगडीखाली घुसत. "श्वास घे. सोड. मऊ हाय, जा." जावई असो, पोस्टमन असो, सुटका नाही. एका लग्नात तर त्यांनी अक्षता पडायच्या आधी नवरदेवाचं लिव्हर तपासलं.

आण्णा हुपरीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. दोन्ही घरांत पैंजणं घडायची. आमच्या एकाच खोलीत चांदी वितळायची, भाकरी भाजायची आणि आम्ही सगळे झोपायचो. घरातल्या कुणी कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. मी चढलो. एस.टी.नं कोल्हापूरला जाऊन एम.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घेतली. आई सांगत फिरायची, "पोरगं लिव्हर शिकतंय." मग काय, आण्णांना मी आयताच सापडलो.

त्यांचा धाकटा भाऊ आप्पा नव्वदच्या दशकात लिव्हरच्या कॅन्सरनं गेला. बोटांची सवय तिथली. डॉक्टर आप्पांचं पोट तसंच दाबून बघायचे. आप्पांची बायको, साऱ्यांची वैनी, शपथेवर सांगायची, हे दारूला कधी शिवले नाहीत. गल्ली म्हणायची, "चोरून पीत असणार."

आणि आता सोनोग्राफीत आण्णांच्याच लिव्हरवर चरबी निघाली. आण्णाही न पिणारे. पण चहात गूळ, दुधात गूळ, आणि जेवण झालं की नुसता गूळ. गाठबीठ धरत नाही ना, हे बघायला डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. आण्णा जाईनात. "तिथं हुपरीचं कोनतरी बसलेलं असतंयच. म्हनतील, धाकला गेला, आता थोरला."

शेवटी मी ओढत नेलं. दवाखान्याच्या बाकावर खरंच गल्लीतलाच एक जण निघाला. त्यानं तोंड उघडायच्या आत आण्णा गरजले, "मी पीत न्हाय!"

सगळी खोली वळून बघायला लागली. तो बिचारा म्हणाला, "आवो, मी मुतखड्याला आलोय."

आण्णा बसले. "नीट सांग. त्या लिव्हरात काय हुतंय?"

"इजा झाली की पेशींना निरोप जातो, वाढा म्हणून. जखम भरली की निरोप थांबतो. पण चरबीनं सूज धरली, तर निरोप जातच राहतात. वर्षानुवर्षं. त्यात एखादी पेशी बिघडली, की ती थांबायचंच विसरते."

"म्हंजे कारखान्याचा भोंगा बंदच हुईना."

"व्हय. पण सगळ्यांचं तसं होत न्हाय, आण्णा."

"आनि त्याला दारूच लागती?"

"न्हाय. न पिताबी होतं."

"परत म्हन."

मी परत म्हटलं. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. ते आत गेले आणि इथं माझीच बोटं माझ्या बरगडीखाली.

गाठ नव्हती. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आण्णा मात्र बाहेर येऊन पायरीवर बसले.

"आप्पाचा डोळा लागला की मी वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायचो रं. गल्ली सोड, मलाच वाटायचं, पीत असंल. एकदा त्यानं डोळं उघडलं. नुसतं तोंड उघडून धरलं."

एस.टी.ची वेळ झाली तरी ते उठेनात. मग म्हणाले, "वैनीला सांगशील? दारात हुबा राहून सांग. जोरात."

दुसऱ्या दिवशी मी वैनीच्या दारात उभं राहून जोरात सांगितलं, न पिताबी होतं. आजूबाजूची ठोकाठोक थांबली. आण्णा माझ्या शेजारी मान खाली घालून उभे होते.

त्या वर्षी मी एम.एस्सी. झालो, घरातला पहिला. गल्लीत आता आप्पांचा विषय निघाला, की लोक म्हणतात, लिव्हरच्या दुखण्यानं गेले. पुढं कुणी काही जोडत नाही.