जिवंत राणीला श्रद्धांजली

मधमाश्या पाळण्यात काही अवघड नाही, असं मी कसबा बावड्यात किमान चाळीस जणांना सांगून ठेवलं होतं. पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो ना! तिथं बाकीचे वहीत लिहून घेत होते आणि मी नुसती मान डोलवत होतो. तालुका कचेरीत एकतीस वर्षं माणसं सांभाळली, तिथं माश्यांचं काय एवढं? शिकवणारी सुष्मिता माझ्या मुलीच्या वयाची. शेवटच्या दिवशी मीच तिला दोन सूचना करून आलो. आता ते आठवलं की कान गरम होतात.

पेटी घरामागं पेरूखाली ठेवली. कुंपणापलीकडं आकारामतात्यांचं वांग्याचं रान. आमचा वीस वर्षांचा शेजार. त्यांच्या म्हशीचं दूध आमच्या घरात आणि त्यांचे झाडून सगळे सरकारी अर्ज माझ्या हातचे. रिटायर झालो तरी ते मला साहेबच म्हणतात.

फेब्रुवारीत माश्या इतक्या वाढल्या की पेटीच्या दारात दाढीसारख्या लोंबायला लागल्या. मी फोटो काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवले. मग एक दिवस पेटी उघडली तर पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखं काहीतरी लोंबत होतं. हा रोग, मी लगेच ओळखलं. सुरी घेतली आणि एकेक शेंग कापून टाकली. संयोगिता, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली की त्या पोरीला एक फोन करून विचारा तरी. मी म्हणालो, एवढ्या-तेवढ्यासाठी विचारत बसायचं तर प्रशिक्षण कशाला घेतलं?

चार दिवसांनी दुपारी पेठ वडगावहून परत आलो, तर दाढी गायब. पेटी उघडली. निम्म्या माश्या नाहीत! राणीच्या पाठीवर सुष्मितानं ओळखीसाठी पांढरा ठिपका लावून दिला होता, तो ठिपका कुठं म्हणून दिसेना. आणि नेमकं त्याच वेळी कुंपणापलीकडून तात्या चालले होते. पाठीवर फवारणीचा पंप.

झालं. कचेरीत मी असल्या चौकश्या ढिगानं पाहिल्या होत्या. हा इथं, पंप पाठीवर आणि माश्या बेपत्ता. तात्या मला बघून कुंपणाशी आले. म्हणाले, "सायेब, तुमच्या माश्या..." मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "माझ्या माश्यांचं नावसुद्धा काढू नका," असं ओरडलो आणि दार लावून घेतलं. खरं तर त्यांच्या पंपात चुना होता. गोठा रंगवायला घेतला होता त्यांनी. तो पांढराशुभ्र गोठा सगळ्या बावड्याला दिसत होता, मला सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संस्थेत गेलो. तिथं पेंड आल्याची बातमी द्यायला माईक असतो. तो मी हातात घेतला. एका निष्पाप जिवाचा विषानं बळी गेला आहे, म्हणालो. किटल्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. रांगेत तात्याही होते. तेही उभे राहिले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण आपल्याकडं वाढदिवस असो की बैलांची शर्यत, फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कुणी मानत नाही. मी सहा बाय चारचा फ्लेक्स केला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये राणी माशीचा फोटो, त्याखाली 'शोकाकुल : समस्त कामकरी माश्या आणि मधुमित्र विजयसिंह'. सगळ्यात खाली लाल अक्षरांत 'विषारी फवारणी करणाऱ्यांचा जाहीर निषेध'. नाव कुणाचंच घातलं नाही, मी कायदा जाणतो. फक्त तो अशा बेतानं टांगला की लाल अक्षरं बरोबर तात्यांच्या फाटकासमोर यावीत.

तात्यांशी मी बोलणं टाकलं, त्यांनीही मग पुन्हा हाक मारली नाही. दूध मात्र रोज पायरीवर येत होतं. त्याच दुधाचा चहा पिऊन मी त्यांना शिव्या घालत होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

तीन आठवडे गेले. बिनराणीच्या माश्या आता संपणार, म्हणून शेवटी झक मारत सुष्मिताला बोलावलं. तिनं पेटी उघडली, एक फ्रेम उन्हाकडं धरली आणि म्हणाली, "काका, ही बघा ताजी अंडी. राणी हाय की. नवी."

मला काही समजेना. तिनं शांतपणे सांगितलं. पेटीत गर्दी झाली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन दुसरीकडं घर करायला जाते. जाण्याआधी मागं राहणाऱ्यांसाठी नव्या राणीची सोय होते. तिला वाढवायचं घर पोळ्याखाली शेंगेसारखं लोंबतं. "हे प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी सांगितलं हुतं," ती म्हणाली. मी सुरीची गोष्ट सांगितली. तिनं पोळ्याच्या कोपऱ्यात दडलेली एक रिकामी शेंग दाखवली. तेवढी एक माझ्या नजरेतून सुटली होती, म्हणून पेटी वाचली.

मग तिनं विचारलं की जुनी राणी कुठं गेली, शेजारी कुणाला विचारलं का? संयोगिता आतून म्हणाली, "तात्यांच्या मोटारीच्या पेटीत बघा." तिला तीन आठवडे माहीत होतं. मला सांगायला दोनदा आलीही होती, पण मी तात्यांचं नाव ऐकून घेत नव्हतो.

आम्ही कुंपण ओलांडून गेलो. विहिरीच्या मोटारीचं बटण ज्या लोखंडी पेटीत होतं, त्या पेटीत माझ्या माश्यांनी हातभर पोळं बांधलं होतं. सुष्मितानं त्यात पांढऱ्या ठिपक्याची राणी दाखवली. एकदम ठणठणीत! आणि समोर वांग्याचं रान वाळून चाललेलं. बटणाला हात लावता येत नव्हता, म्हणून तात्या तीन आठवडे घागरीनं पाणी घालत होते. बांधाकडच्या चार ओळी जगल्या होत्या, बाकी नुसती काटकं.

मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तात्या घागर खाली ठेवून आले. धूर करून हाकलायच्या होत्या की, असं मी कसंबसं म्हणालो.

"हाकलल्या असत्या," तात्या म्हणाले, "आन त्यातल्या धा मेल्या असत्या, तर? न मारता फ्लेक्स लागला, सायेब. मारल्यावर काय लावला असतासा?"

मी हात जोडले. चुकलो म्हणालो, पाया पडतो म्हणालो, दूध संस्थेत माईकवर माफी मागतो म्हणालो. तात्यांनी माझे हात खाली केले. म्हणाले, "माईक नगं. त्या दिशी कुंपणाजवळ मी हाक मारली, तवा नुसतं 'काय तात्या' म्हटला असतासा तरी भागलं असतं. वीस वर्सं म्हणतच हुतासा की."

फ्लेक्स मी त्याच पावली जाऊन स्वतःच्या हातानं उतरवला.

दिवस मावळताना सुष्मितानं ते पोळं, राणी आणि माश्या अलगद दुसऱ्या पेटीत बसवल्या. तात्यांनी मोटारीचं बटण दाबलं. पाटाला पाणी आलं आणि उरलेल्या वांग्यांकडं धावलं. मला जरा धीर आला. आपल्या दोन पेट्या झाल्या म्हणायच्या, असं म्हणत मी नवी पेटी उचलायला वाकलो.

तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ही राणी हितंच ऱ्हाऊ दे, सायेब," ते मायेनं म्हणाले. "तुमच्याकडं तिचा दिवस घातलाय."