डॅनियलरावांची न सुटलेली चूक

पनवेलच्या एसटी स्टँडवर मला गाडीत बसायला कधीच जागा मिळाली नाही, आणि याला एकच माणूस जबाबदार होता: आमचे शेजारी डॅनियलराव. गाडी लागली की हे दारात आडवे उभे राहत आणि "लहान आधी, मोठं मग!" असं ओरडत. आधी पोरंटोरं चढत, मग किडकिडीत मास्तर, मग मध्यम बांध्याच्या बायका आणि सगळ्यांत शेवटी मी. माझं वजन तेव्हा दोनशे पौंडांच्या घरात होतं. कंडक्टर त्यांना वचकून असे.

बाजारातही तेच. गव्हाणच्या कोळणीला ते पिशवीत आधी जवळा टाकायला लावत, मग पापलेट.

"काका, पोटात जाऊन येकच होनार हाय ना?" ती म्हणे.

"कंपायलरही अगदी हेच म्हणतो!" डॅनियलराव कडाडत. ती बिचारी हा कंपायलर कोण ते मला विचारी. मी म्हणे, त्यांचा व्याही.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मुंबईच्या आमच्या कचेरीतली अवघड गणितं एका संस्थेतल्या खोलीभर मोठ्या संगणकयंत्राकडे जात. डॅनियलराव कागदावर प्रोग्रॅम लिहीत, त्याची भोकं पाडलेली कार्डं होत आणि चार दिवसांनी उत्तराचा कागद येई. मी टंकलेखक. आलेलं उत्तर सुबक टाईप करून खरं भासवणं हे माझं काम.

एकदा पनवेलच्या खाडीत दहा वर्षांत किती गाळ साचेल ते काढायचं होतं. तळाच्या आजच्या उंचीत मिनिटामिनिटाचा गाळ मिळवत जायचं, एवढंच. उत्तर आलं: काहीच नाही. ही आनंदाची बातमी मी बंदरावर जाऊन पोशा नाखव्याला सांगितली. त्याची होडी तेव्हा चिखलात आडवी पडली होती.

"मंग ही काय हवेत रुतलीय?" तो म्हणाला. "तुमच्या मशीनला सांगा, येकदा हितं उतर. कमरेपर्यंत गेलं की कलंल."

साहेबांनी डॅनियलरावांना बोलावून त्यांची अक्कल काढली. डॅनियलरावांनी रात्रंदिवस एक करून खरा चोर शोधला. त्याचं असं होतं: यंत्र आकड्याची मोजकीच घरं ध्यानात ठेवतं आणि दशांशचिन्ह सोयीप्रमाणे सरकवतं. मोठ्या आकड्यात इवलासा आकडा मिळवला, तर तो इवलासा शेपटाकडून गळून पडतो. हे डॅनियलरावांना ठाऊक होतं; "लहान आधी"चं त्यांचं वेड त्यातलंच. म्हणून प्रत्येक बेरजेनंतर किती गळलं ते वजाबाकीने काढायचं, बाजूला ठेवायचं आणि पुढच्या बेरजेत घालायचं, अशी तजवीज त्यांनी कंस घालून केली होती. डब्यात न मावलेले तांदूळ आपण वाटीत ठेवतो तशी.

पण त्यांचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर, म्हणजे तोही एक प्रोग्रॅमच, भलताच हुशार निघाला. वेळ वाचवणं हे त्याचं ब्रीद. "मिळवायचं आणि तेच वजा करायचं? मग उरलं शून्य!" असा शाळकरी हिशेब करून त्याने ती वाटीच परस्पर काढून टाकली. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. आमच्या कचेरीत अशाच लोकांना बढती मिळे, त्यामुळे साहेबांना कंपायलरमध्ये काही वावगं दिसलं नाही.

"कंसाला हात लावलाय त्याने. कंसाला!" डॅनियलराव भेटेल त्याला सांगत सुटले.

इकडे त्यांचा एकुलता एक मुलगा रूबेन, पनवेलच्या बहुतेक ज्यू मंडळींसारखाच, इस्राएलला जाऊन तीन वर्षं झाली होती. बायको आधीच वारलेली. रूबेनने वडिलांचे कागद करून पाठवले, बोटीची सोय केली, महिन्याला पत्र. यांचं उत्तर ठरलेलं: कंपायलरची चूक शाबीत झाल्याशिवाय मी हलणार नाही. मला संताप येई. पोटचा पोरगा बोलावतोय आणि हा गृहस्थ यंत्राशी भांडतोय!

"तुमच्यासारखा बाप असता तर मी याहून लांब पळालो असतो," मी तोंडावर सुनावलं. ते नुसते हसले.

दोन वर्षांनी संस्थेतल्या एका बाईंनी कंपायलरची हुशारी बंद ठेवून तीच कार्डं पुन्हा घातली. उत्तर आलं, सव्वादोन फूट. कंपायलर दोषी असल्याचं पत्र शुक्रवारी उशिरा, डॅनियलराव घरी गेल्यावर, कचेरीत आलं. शनिवार हा त्यांचा प्रार्थनेचा दिवस, त्या दिवशी ते कामावर येत नसत, म्हणून मीच रजा टाकली आणि सकाळी डोक्यावर रुमाल घेऊन त्यांच्या प्रार्थनालयाच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते बाहेर आले.

"जिंकलात! आता बोट पकडा," मी म्हणालो.

त्यांनी पत्र वाचलं. चेहरा उतरला.

"आतली माणसं मोजा," ते हळूच म्हणाले.

शंभरेक माणसांच्या बाकांवर नऊ म्हातारे बसले होते. एकाला खुर्चीसकट उचलून आणलेलं दिसत होतं.

"दहा पुरुष असल्याशिवाय आमची प्रार्थना पुरी होत नाही. दहावा मी."

"मग रूबेनला तसं कळवा ना!"

"कळवलं तर तो परत येईल हो. ओळखतो मी त्याला. तिथे त्याचं घर आहे, नोकरी आहे, आता मुलगी झालीय." त्यांनी पत्राची घडी करून माझ्या खिशात सरकवली. "तुम्हीच लिहा त्याला. छान टाईप करून. म्हणावं, चूक अजून सुटलेली नाही."

आतून कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. दोन वर्षं मी या माणसाला काय काय बोललो होतो ते आठवून मला माझीच लाज वाटली.

सोमवारी कचेरीच्या टंकयंत्रावर मी लिहिलं, "चि. रूबेन यास अनेक आशीर्वाद. तुझ्या वडिलांच्या गणितात अजून घोळ आहे." पुढची अक्षरं मला नीट दिसेनात. त्यानंतर दर सहा महिन्यांनी मी कंपायलरमध्ये एक नवी चूक काढत राहिलो. रूबेनची मुलगी तिकडे चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. आमचा कंपायलर काही सुधारला नाही.