सदूभाऊंची चौकशी

भेटल्यावर माणसं 'बरं आहे ना?' असं विचारतात. आमचे सदूभाऊ विचारत, "लघवीला मुंग्या लागतात का?"

सदूभाऊ माझे मामेभाऊ. मुंबईला विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात मधुमेहावर आणि हृदयविकारावर काम करायचे. "तिथे दुखण्याचा नुसता अभ्यास करतात म्हणे," असं आई शेजारणींना सांगायची. दर मे महिन्यात ते बोटीने आमच्याकडे श्रीवर्धनला येत. कपड्यांची पिशवी लहान, बाटल्यांची पेटी मोठी. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरबापालाच तो प्रश्न विचारला. त्याच्या हातातली जिलबी हातातच राहिली. "संकोच कसला? साखर काय चोरून आणलीय?" असं म्हणत सदूभाऊंनी शांतपणे मठ्ठा मागून घेतला.

एका वर्षी सुपारीच्या वाडीत आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायात काटा गेला. जखम काही केल्या सुकेना. सदूभाऊंनी ओटीवर स्पिरिटचा दिवा पेटवला आणि निळ्या औषधात आप्पांची लघवी घालून तापवली. निळा रंग बघता बघता कौलासारखा लाल झाला.

"आप्पा, साखर फार आहे. मुंबईला चला, नाहीतर पाय जाईल."

"आणि वाडीला पाणी कोण लावील? तुझं केंद्र?"

आई रडायला लागली. सकाळी पोस्टात जाऊन सदूभाऊंनी रजा वाढवल्याची तार केली, आणि मुंबईहून इन्शुलिन मागवलं. कुपी माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची, सुई उकळायची, जखम धुवायची, सगळं स्वतः करायचे.

आप्पा सुईला घाबरले नाहीत. अडले ते पानावर. त्यांच्यापुढे नाचणीची भाकरी आणि पडवळाची भाजी, आमच्यापुढे आमरस. त्यांनी ताट दूर सारलं. "तुम्ही ओरपा, मी बघत बसतो."

सदूभाऊ उठले, आपला पाट आप्पांच्या शेजारी मांडून बसले. "आत्या, मलाही भाकरीच वाढ."

मग रोज दोघं शेजारी बसून पडवळाला नावं ठेवत जेवायचे. आप्पा हसायचेसुद्धा.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या सुमारास जखम भरली. निघायच्या दिवशी आई म्हणाली, "आमच्यापायी तुझे हाल झाले रे. आता तिकडे जाऊन नीट जेव."

"तिकडे खाणावळ आहे," सदूभाऊ म्हणाले. "समोरचा माणूस रोज वेगळा. कोणी बोलत नाही."

पेटी उचलून ते पायरीवर थांबले. "आत्या, दिवाळीत येऊ का? आप्पांचा पाय बघायला."

पाय तर बरा झाला होता. आईने डोळ्यांना पदर लावला.

"ये. पाय बघायला ये."