दहा मिनिटं हात लावू नये

"पाकिटात उकळतं पाणी ओता, तोंड बंद करा आणि दहा मिनिटं हात लावू नका," बायकोने पाकिटावरची सूचना तिसऱ्यांदा वाचून दाखवली.

"कळलं गं! मला काय दहा मिनिटं मोजता येत नाहीत?"

घड्याळजी मोजण्यात पक्का होता. पंचाईत होती ती हात न लावण्याची. बंद वस्तू दिसली की त्याची बोटं वळवळू लागत.

तळ्याकाठी, तंबूपुढे सासरे अंगाभोवती कोट गुंडाळून खुर्चीत बसले होते. त्यांच्या बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ सात वर्षं बंद होतं आणि तेवढीच वर्षं जावई ते उघडायला तळमळत होता. "याला दम म्हणून नाही," असं म्हणून सासरे त्याला घड्याळाजवळ फिरकू देत नसत. सासूबाई गेल्यापासून ते घराबाहेरही पडत नव्हते. या वेळी मुलीने तळ्याकाठी मुक्कामाला चलण्याचा हट्टच धरला, तेव्हा म्हणाले, "तुझ्या नवऱ्याने मला तिथे पोटभर गरम जेवू घालावं. घड्याळ त्याच्या हवाली करतो."

गोठवून वाळवलेल्या वाटाणा-भाताची तीन पाकिटं होती. पहिल्यात पाणी ओतून दोन मिनिटं झाली नाहीत, तोच घड्याळजीने ते उघडलं.

"अहो!"

"नुसतं बघतोय."

चौथ्या मिनिटाला त्याने पुन्हा बघितलं. सहाव्या मिनिटाला चाखलं, तर भात दाताखाली कचकन वाजला. वाफ केव्हाच उडून गेली होती. मग आणखी पाणी ओतलं, तर वाटाणे पोहायला लागले. ते दाट व्हावं म्हणून त्याने दुसरं पाकीट त्यातच रिकामं केलं आणि चमचा सापडेना म्हणून खिशातल्या पेचकसाने ढवळलं. पाकिटाला बुडाशी भोक पडलं. दोन पाकिटांचा ऐवज थेट त्याच्या बुटात उतरला.

"जेवण झालं का रे?" सासऱ्यांनी विचारलं.

"होतंय, बाबा!" एका पायावर उभा राहून जावई ओरडला.

गॅस संपत आल्याने फुरफुरत होता. शेवटचं पाणी जेमतेम उकळलं. बायकोने तिसरं पाकीट त्याच्या हातातून काढून घेतलं, पाणी ओतून तोंड घट्ट बंद केलं आणि सरळ वडिलांच्या कोटात सरकवलं. "बाबा, हे धरून बसा. कुणालाही देऊ नका."

पोटाशी ऊब लागताच बाबांना डुलकी लागली.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. घड्याळजीने तंबूच्या सगळ्या दोऱ्या सोडून पुन्हा बांधल्या. "उठवू का?"

"खबरदार! कित्येक दिवसांनी असे झोपलेत."

त्याने हात खिशात घातले. खरंच, म्हाताऱ्याचा चेहरा किती निवांत दिसत होता.

अर्ध्या तासाने सासरे जागे झाले. पाकीट उघडलं, तर आत मऊ, मोकळा, वाफाळता भात. त्यांनी तो चाटूनपुसून खाल्ला.

"पाकिटाला हात नाही लावलास. घड्याळ तुझं. पण दुकानात न्यायचं नाही. माझ्या घरी येऊन, माझ्यासमोर बसून दुरुस्त करायचं. रोज संध्याकाळी, थोडं थोडं." मग त्यांनी तळ्याकडे बघत विचारलं, "किती दिवस लागतील रे?"

घड्याळजीला ठाऊक होतं, काम अर्ध्या तासाचं होतं.

"वर्ष तरी लागेल, बाबा," तो म्हणाला.