आप्पांचा फरारी फॉल्ट

साऱ्या जगात लोक घरात शिरताना चपला काढतात. आमच्या शेजारचे सुभेदार आप्पा घालायला लावतात. दारात आत रबरी चपलांचे तीन जोड असतात. एक त्यांचा, एक पाहुण्यांचा आणि निळ्या पट्ट्यांचा, लहान, काकूंचा. "आदी पाय झाका, गुरुजी. करंट वळखपाळख बघत न्हाई," हे त्यांचं स्वागत. चहा नंतर, आठवण राहिली तर.

याला कारण मधल्या खोलीतलं पिनबॉलचं मशीन. आप्पांनी फौजेत आयुष्यभर गाड्यांची वायरिंग दुरुस्त केली आणि रिटायर झाल्यावर पाचगणीच्या एका हॉटेलाच्या भंगारातून हे धूड टेम्पोत घालून फलटणला आणलं. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर पोलादी गोळी सोडायची, खालच्या दोन दांड्यांनी ती परत वर टोलवायची. घंटा वाजतात आणि वरच्या चाकांवर आकडे फिरतात. सगळा कारभार तारांचा आणि पात्यांचा. पातीला पाती टेकली की करंट वाहतो. ते घरात आलं त्या दिवशी काकूंनी एवढंच विचारलं होतं, "आवं, ह्येच्यावर पापड वाळत घालता येत्याल का?"

"फॉल्ट हरवत न्हाई, गुरुजी, फरार असतो," आप्पा म्हणतात. "नाकाबंदी करायची!" मग होल्डरमधल्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प घेऊन ते एकेक पाती तपासत निघतात. पात्या पुसायला लग्नपत्रिकेचा तुकडा. दोन पात्यांमध्ये सरकवला की काजळी निघते म्हणे. त्यामुळे गावातली पत्रिका आली की आप्पा मुहूर्त बघत नाहीत, कागद चोळून बघतात. "पोरीच्या बापानं कंजूषपणा केलाय. लय पातळ!" लग्नाला जायचं की नाही हे त्यावर ठरतं.

एका हंगामात मशीन खेळता खेळता मरायला लागलं. खेळणाऱ्यानं लबाडीनं धक्का मारला की खेळ बंद पाडायला आत एक लोलक असतो. आप्पांनी थेट काकूंवर आरोप ठेवला, कारण खेळायच्या त्याच. आप्पा स्वतः खेळत नसत, 'चाचणी घेत'. मी पडलो विज्ञानाचा मास्तर, वडूजच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेला. मी व्होल्टेज कमी पडतं असं सिद्ध करून दाखवलं. "तुमची इज्ञानं फळ्यावर बरी," आप्पा म्हणाले. तीन आठवडे नाकाबंदी चालली. शेवटी काकूच कावल्या. "रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली की माज्या कपबशा वाजत्यात, आन् तवाच ह्ये मरतं. कवाधरनं सांगतीया!"

आप्पांनी खिडकीतून दोन ट्रॉल्या जाऊ दिल्या, मशीन दोनदा मेलं, आणि निकाल जाहीर झाला. "फॉल्ट मशिनीत न्हाई, कारखान्यात हाय!" मग मशीनच्या पायांखाली टायरचे तुकडे बसले. शोधाचं श्रेय अर्थातच आप्पांनी घेतलं.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मशीनचे दिवे लागतात, आकडे दिसतात, पण सुरू करायचं बटन दाबलं तर ढिम्म. गावातल्या कुठल्याही मोटरीचा स्टार्टर नुसत्या वासावरून दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा फॉल्ट सापडेना. पुण्याहून त्यांच्या लेकीचा, सुनंदाचा, मला फोन आला. "काका, तुम्ही बघा ना. आप्पा दिवसभर एकटेच असतात. ते चालू झालं तर चार माणसं येतील, घरात आवाज होईल." मी शब्द दिला.

परवा आप्पा चहा करायला आत गेले तेवढ्यात मी काम साधलं. बटनाची वायर धरून मागे मागे गेलो आणि दहा मिनिटांत दोन पात्यांमध्ये अडकलेला पत्रिकेचा तुकडा सापडला. सोनेरी अक्षरांत 'सौ. कमल', काकूंचं नाव, एवढंच उरलं होतं. सुनंदाच्या लग्नाची पत्रिका! पुसून झाल्यावर विसरले असणार. तीस वर्षांची मास्तरकी अखेर फळाला आली म्हणून मी तुकडा उपसला, ओरडलो, "आप्पा, पकडला तुमचा फरारी!" आणि बटनावर बोट ठेवलं.

आप्पा दारात आले. हातातला चहा बशीत सांडला.

"गुरुजी, दाबू नका."

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी वरच्या आकड्यांकडे पाहिलं. तीन हजार चारशे ऐंशी.

"तिचा शेवटचा डाव. पयल्यांदाच माज्या फुडं गेली, लय हसली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्हेली." त्यांनी कपबशी खाली ठेवली. "नवा डाव चालू केला की चाकं शून्यावर येत्यात, गुरुजी."

मला माझ्या हुशारीची लाज वाटली. तुकडा होता तसाच, नाव वर ठेवून, पात्यांमध्ये परत सरकवला. आम्ही बशीतला चहा प्यालो.

संध्याकाळी सुनंदाचा फोन. "काका, सापडला का फॉल्ट?"

"नाही गं," मी म्हणालो. "फरार आहे. आता रोज येऊन नाकाबंदी करावी लागणार."