बादलीतली खाडी

पाणी स्वच्छ असण्यापेक्षा ते स्वच्छ असल्याची नोंद असणे केव्हाही टिकाऊ. नोंद ओहोटीबरोबर वाहून जात नाही. हे सत्य ओळखूनच आमच्या कार्यालयाने खाडीच्या मुखाशी, गुडघाभर पाण्यात, एक तरंगते यंत्र सोडले. ते पाणी तपासून किनाऱ्यावरच्या पाटीवर दिवा लावी: चांगल्या पाण्याला हिरवा, वाईटाला लाल.

यंत्रात एकच खोट होती. ते खरे बोले. (ही खोट हमीत बसत नव्हती.)

दिवा लाल राहू लागला तशा तक्रारी आल्या. शेकडा नव्वद तक्रारी लाल दिव्याबद्दल होत्या, उरलेल्या पाटीला धडकल्याच्या. पाण्याबद्दल एकही नव्हती. आमचे साहेब लोकांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांनी यंत्र खाडीत गावाची घाण सोडणाऱ्या नाल्याच्या तोंडापासून लांब हलवले. तिथे ओहोटीला ते चिखलात बसे आणि ‘पाणी आढळले नाही’ असे कळवी. पाणीच नाही म्हणजे घाण पाणीही नाही, म्हणून आम्ही हिरवा दिवा लावायचो. पण भरती आली की पुन्हा लाल. (भरती कोणाच्या आदेशाने येते, अशी विचारणा वरिष्ठांकडे केली आहे.)

शेवटी साहेबांनी यंत्र कार्यालयातच आणून गाळलेल्या पाण्याच्या बादलीत सोडले. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, “साहेब, ही खाडी नाही, बादली आहे.”

“उथळ आहे ना?”

“आहे.”

“मग झालं. आपली योजना उथळ पाण्याचीच आहे.”

साहेबांनी त्यात मूठभर मीठही टाकले; शास्त्राशी तडजोड त्यांना खपत नाही. बाईंनी अहवालावर सही करायला नकार दिला. हल्ली त्या डोंगरावरच्या कार्यालयात हवा मोजतात.

शाळांना सुट्ट्या लागल्या आणि किनारा पोरांनी फुलला. एका दुपारी साहेबांच्या पत्नीचा तिथूनच फोन आला. मी समोरच बसलो होतो.

“अहो, दिवा हिरवा आहे. चिमीला उतरवू का पाण्यात?”

साहेबांनी बादलीकडे पाहिले. चिमी त्यांची एकुलती नात.

“नको. तिला सर्दी आहे.”

“कुठली सर्दी? ठणठणीत आहे ती.”

“होईल. आत्ताच्या आत्ता घरी घेऊन जा.”

“मग बाकीची पोरं कशी डुंबतायत?”

“ती आपली नाहीत,” असे हळूच म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात अंगभर पुरळ उठलेल्या पोरांनी दवाखाने भरले. साहेब मुळात हळवे. त्यांनी तातडीने लोकांचा कौल मागवला: यंत्र परत खाडीत सोडावे काय? (उत्तर न आल्यास ‘नको’ असे समजण्यात येईल.)

‘सोडा’ म्हणणारे थोडे निघाले. बहुतेक त्या पोरांच्या आया. ‘नको’ म्हणणारे त्याहून थोडे. बाकीचे नियमाप्रमाणे ‘नको’त मिळवून निर्णय प्रचंड बहुमताने झाला.

आपलाही कौल पोचला. आपण काहीच बोलला नव्हतात. कार्यालय आपले आभारी आहे.